दहावं कलम

लोकांच्या नाकावर राग असतो, माझ्या नाकावर चौकशी. कोण कुठला, कुठे चालला, गाडीत काय भरलंय, हे विचारल्याशिवाय मला अन्न पचत नाही. अमरावतीच्या सरकारी शाळेत दुय्यम मास्तर म्हणून लागलो, तेव्हा हेडमास्तरांनी पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "हरिहरराव, प्रश्न मुलांना विचारायचे, मला नाही."

या चौकशीपायीच मी क्रिकेटात सापडलो. कॅम्पातला एक साहेब तापानं वारला आणि त्याच्या सामानाचा लिलाव निघाला. साहेबाच्या घरात असतं तरी काय, ते बघायला मी गेलो आणि पुस्तकांचं एक गाठोडं घेऊन परतलो. त्यात एक पातळसं चोपडं होतं. क्रिकेट नावाच्या खेळाचे नियम. हा खेळ मी जन्मात पाहिला नव्हता. पण आमच्या घराण्यात सात पिढ्या पाठांतराच्या. छापलेलं काही हाती आलं की आधी पाठ करायचं, अर्थ मागाहून लागतो. पंधरा दिवसांत सगळी कलमं मुखोद्गत झाली. अंघोळ करताना एलबीडब्ल्यूचं कलम म्हणताना मला माझ्या बायकोनं, दुर्गाबाईनं, ऐकलं.

"अहो, ज्या खेळाचा चेंडूबी पायला नाही, त्याचे नियम घोकून काय भेटते?"

"कळतं," मी म्हणालो. तिनं कपाळावर हात मारला.

ही गोष्ट शके सतराशे शहाऐंशीची. तिकडे अमेरिकेत भाऊबंदकीची लढाई जुंपली होती, विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेना, म्हणून सगळ्या जगाची नजर आमच्या वऱ्हाडावर. कालपर्यंत अंगावर धड बंडी नसलेल्या माणसाच्या बैलांच्या गळ्यात चांदीच्या घंटा आल्या. गाड्यांची रांग सकाळी सुरू व्हायची ती दिवस मावळेपर्यंत तुटायची नाही. आगगाडी अकोल्याला येऊन पोचली होती आणि रूळ आता बडनेऱ्याकडे सरकत होते. त्यामुळे साहेबांचंही पीक उदंड. अकोल्याला रेल्वेचे, अमरावतीच्या कॅम्पात हाफिसर. दोघांचं आपसात पटायचं नाही. कॅम्पवाले रेल्वेवाल्यांना लोहार समजायचे आणि रेल्वेवाले कॅम्पवाल्यांना शोभेच्या बाहुल्या.

कॅम्पातले साहेब संध्याकाळी खेळतात असं कळल्यावर मी बघायला गेलो. बघतो तर काय, हे लोक स्वतःचेच नियम मोडत होते! चार चेंडूंची पाळी, तर एकानं पाच टाकले. मला राहवलं नाही. मी तिथल्या तिथे सांगितलं. त्यांचा म्होरक्या हॅल्डेन नावाचा उंच, हसऱ्या तोंडाचा साहेब होता. त्यानं गंमत म्हणून मला सहावं कलम विचारलं, मग बारावं, मग एकविसावं. मी घडाघडा म्हणून दाखवली. त्याचं हसू हळूहळू मावळलं.

संक्रांतीनंतर अमरावती कॅम्प विरुद्ध अकोला रेल्वे असा सामना ठरला. एकमेकांच्या पंचावर कुणाचाच भरवसा नव्हता. एका टोकाला कॅम्पाचे डॉक्टर उभे राहणार होते, पण दुसऱ्या टोकावर घोडं अडलं. शेवटी हॅल्डेन म्हणाला, मास्तरला उभं करू, त्याला सगळं पाठ आहे. मी ना इकडचा ना तिकडचा, म्हणून अकोलेवालेही कबूल झाले. मी चार दिवस हवेत होतो, खोटं कशाला सांगू.

आता प्रश्न आला जमिनीचा. आमची काळी माती पौषात अशी भेगाळते की चेंडू काय, कोंबडीचं पिल्लू गडप व्हावं. साहेबांनी पुंजारामला बोलावलं. बडनेऱ्याच्या वाटेवर त्याचं शेत होतं आणि खळं करावं तर पुंजारामनंच, असं सगळे म्हणायचे. त्यानं बावीस पावलांची पट्टी खरवडली, पाणी पाजलं, चार दिवस बैल फिरवून तुडवली आणि वर शेणाचा सडा घालून चोपली. जमीन अशी झाली की टाच आपटली तर वाजावी. आणि सामन्याच्या सकाळी तो त्या पट्टीच्या तोंडाशी हात पसरून उभा राहिला.

"मास्तर, सायबाले सांगा. खळ्यात जोडे घालून जात नाहीत."

"अरे, इथं धान्य नाही मळायचं. खेळायचं आहे."

"खळं ते खळंच. म्या केलं ना? मंग जोडे भाईर."

मी इंग्रजीत सांगितलं. कॅम्पवाले खो खो हसले आणि बुटांसकट आत गेले. पुंजारामचा चेहरा पडला. तेवढ्यात अकोल्याकडचा एक माणूस खाली बसला आणि बुटांच्या नाड्या सोडू लागला. रुंद खांद्याचा, उन्हानं भाजलेला, पस्तिशीच्या आतबाहेरचा. नाव क्रम्प. रूळ टाकणाऱ्या टोळीवरचा मुकादम. त्यानं बूट हातात घेतले, बाहेर नेऊन ठेवले आणि अनवाणी आत आला. मीही मग माझ्या वहाणा गुपचूप बाहेर ठेवल्या. आधी सुचलं नाही याची लाज वाटली.

कॅम्पाची फलंदाजी होती. हॅल्डेन स्वतः पुढे आला. अकोलेवाल्यांचा म्होरक्या असलेल्या रेल्वेच्या ओव्हरसियरनं चेंडू क्रम्पच्या हाती दिला आणि मी माझ्या तीन काठ्यांमागे ताठ उभा राहिलो. क्रम्प चेंडू घेऊन नुसता उभाच राहिला. पाच-सहा गाड्या रस्त्यानं पुढे गेल्या, तेवढा वेळ. याला झालंय काय, असं मी विचारणार होतो, पण पंचानं विचारू नये असं वाटलं. मग तो धावत आला, माझ्या बाजूनं गेला आणि त्याचा हात कानाला घासून सरळ आकाशाकडे गेला.

"नो बॉल!" मी ओरडलो.

चेंडू हॅल्डेनच्या बॅटीवरून छातीच्या उंचीनं उसळून मागे गेला होता. तसा चेंडू मी तोवर पाहिला नव्हता. पण दहावं कलम स्पष्ट होतं. चेंडू सोडताना हात खांद्याच्या वर जाता कामा नये. क्रम्प माझ्याकडे वळला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. रक्त मात्र उतरलं होतं. तो पुन्हा धावला. हात पुन्हा वर. "नो बॉल!" तिसऱ्यांदाही तेच. मग त्यानं चेंडू जमिनीवर अलगद ठेवला, मैदानाबाहेर गेला आणि निंबाखाली पाठ करून बसला.

ओव्हरसियर तावातावानं माझ्याकडे आला. "आता हे चालतं! तिकडे नियम बदलला आहे!"

"लेखी दाखवा," मी म्हणालो.

त्याच्याजवळ लेखी काही नव्हतं. त्यानं हॅल्डेनकडे पाहिलं. हॅल्डेननं बॅटीवर रेलून सांगितलं, "पंचाचा शब्द अखेरचा." आणि खेळ पुढे सुरू झाला. उरलेल्यांचे सरपटी चेंडू हॅल्डेननं मनसोक्त झोडपले. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

दुपारी जेवणाची सुटी झाली. पुंजाराम माझ्या वाटेतच उभा होता.

"मास्तर, तुमी त्याच्यावर काहून बोंबलले?"

"त्याचा हात खांद्याच्या वर गेला."

"गेला त काय झालं? आभायाले लागला काय? गोफण मारतानी हात वर नेल्याबिगर गोटा जाते काय दूर?"

"नियम आहे, पुंजाराम."

"असंन. पर माणूस कसा बसला पायलं काय? बैल मेल्यावानी बसला."

मी पाहिलं. मग मला राहवेना. एवढा धडधाकट माणूस तीनदा ओरडल्यानं असा का बसावा? त्यानं माझ्याशी हुज्जत का घातली नाही? मी जाऊन त्याच्यासमोर उकिडवा बसलो आणि हेच विचारलं. तो थोडं इंग्रजी, थोडं रेल्वेचं हिंदुस्तानी असं मिसळून बोलायचा. मी इथे आपल्या भाषेत देतो.

"हुज्जत एकदा घातली होती," तो म्हणाला. "पुरे झाली."

मग एकेक प्रश्न विचारत मी त्याच्याकडून सगळं काढलं. क्रम्प विलायतेच्या उत्तरेकडचा, सूतगिरणीतला कामगार. पण उन्हाळ्यात तो आपल्या परगण्याच्या संघाकडून खेळायचा, पगारी, मोठ्या सामन्यांत. तिकडे अशी माणसं असतात हे मला तेव्हाच कळलं, ज्यांचं चेंडू टाकणं हेच पोट. तो अकरा सामने खेळला. त्याची नावनिशी छापून यायची. हात खांद्याखाली ठेवला तर चेंडू जमिनीला घासत जातो, वर नेला तर उसळतो, हे त्यानं गल्लीत खेळतानाच ओळखलं होतं. आणि जोर लावला की हात आपसूक वर जायचा. पंच कानाडोळा करायचे. बाराव्या सामन्यात एकानं केला नाही. हजारो माणसांसमोर पाच वेळा ओरडला. क्रम्प त्याच्याशी भांडला. त्यानंतर परगण्यानं त्याला बोलावलं नाही. त्याच हिवाळ्यात कापसाअभावी गिरणी बंद पडली. एका वर्षात दोन्ही धंदे गेले, तेव्हा त्यानं हिंदुस्थानचं जहाज धरलं.

"आणि मी गेल्यावर दोन वर्षांनी," तो म्हणाला, "त्यांनी नियम बदलला."

त्यानं सदऱ्याच्या खिशातून घडीघडीला फाटलेलं कात्रण काढलं. त्याच्या भावानं भाद्रपदात पाठवलेलं. मी वाचलं. गेल्या जूनमध्ये, लंडनला, दहाव्या कलमातले खांद्याचे शब्द काढून टाकले होते. गोलंदाजानं हात हवा तेवढा वर न्यावा. चेंडू मात्र फेकू नये, कोपर झटकू नये, बस्स.

माझ्या चोपड्यावरचं साल मला पाठ होतं. इंग्रजी अठराशे सत्तावन्न, म्हणजे सात वर्षांपूर्वीचं. मला सगळं पाठ होतं, फक्त जग पुढे गेलेलं ठाऊक नव्हतं.

"हे सकाळीच का नाही दाखवलंत? मी लेखी मागितलं होतं!"

"मास्टर," तो म्हणाला, "चार महिने मी बांधावर एकटा रुळाखालची फळी उभी करून तिच्यावर चेंडू टाकतोय. परत कुणी बोलावणार नाही मला, वय गेलं. मला फक्त एकदा, खऱ्या सामन्यात, मागे पंच उभा असताना हात वर न्यायचा होता आणि काही ऐकू येऊ नये असं वाटत होतं. तू ओरडल्यावर कागद काढून काय उपयोग? ओरडणं तर होऊन गेलं."

मला रडूच यायचं बाकी होतं. मी तरातरा उठून हॅल्डेनच्या तंबूत गेलो आणि कात्रण त्याच्यापुढे धरलं. साहेब कोंबडी खात होता.

"साहेब, हे आपल्याला माहीत होतं?"

त्यानं कात्रणाकडे बघितलंही नाही. "वर्तमानपत्रं मलाही येतात, मास्टर. पण पंच तुम्ही होता."

हसऱ्या तोंडाच्या माणसाचा मला तेव्हापासून भरवसा वाटत नाही.

सुटीनंतर मी खळ्याच्या मधोमध उभा राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "दहावं कलम बदललं आहे. सकाळी माझी चूक झाली." असं चारचौघांत म्हणण्याची आमच्या घराण्यात रीत नाही, पण म्हणालो. मग निंबाखाली जाऊन क्रम्पला स्वतः घेऊन आलो. हॅल्डेन अजून टिकून होता. तो तोंड आवळून बॅट घेऊन उभा राहिला.

क्रम्प धावला. मी ओठ मिटून, डोळे ताणून त्याच्या हाताकडे बघत होतो. हात वर चालला, खांद्यापर्यंत आला आणि तिथून, कुणी दांडकं मारावं तसा, खाली आला. चेंडू कमरेतून सुटला. हॅल्डेननं तो थेट कापसाच्या गाड्यांत टोलावला. दुसऱ्या चेंडूलाही तेच झालं. हात खांद्याशी आला की गळायचा. कॅम्पवाले टाळ्या पिटत होते.

क्रम्प माझ्याजवळ आला.

"हात माझं ऐकत नाही," तो हलक्या आवाजात म्हणाला. "तू बघतोयस ना, ते मला मानेवर जाणवतं."

"पण मी ओरडणार नाही! मी सांगितलं ना सगळ्यांसमोर!"

"ठाऊक आहे मला. हाताला ठाऊक नाही."

तो चालत परत गेला. मी तिथे उभा. पंचाचं काम काय? बघणं. जे बघितलं ते सांगणं. चेंडू सोडणाऱ्या हातावर नजर ठेवायला तर मला तिथे उभं केलं होतं. आणि मी म्हणजे कोण? रस्त्यानं प्रेतयात्रा चालली तरी खिडकीत जाऊन कोण गेलं ते विचारणारा माणूस. या माणसाचा हात वर जातो की नाही, हे सगळ्या वऱ्हाडात मला सगळ्यांत जास्त बघायचं होतं.

मी त्याच्याकडे पाठ केली. यष्ट्यांकडे, हॅल्डेनकडे, सगळ्याकडेच पाठ. समोर रस्ता होता आणि गाड्या चालल्या होत्या. एका गाडीवरून कापसाचं बोंड पडलं, तेवढं मी पाहिलं. क्रम्प माझ्याच समोरून धावत येत होता, म्हणून मी डोळेही मिटले. अनवाणी पावलं खळ्यावर धप धप वाजत आली आणि माझ्या कोपराला वारा लागला. मग एक हुंकार, आणि मग लाकडावर लाकूड पडल्याचा आवाज.

मी तोंड उघडलं नाही. कुणीच उघडलं नाही. एवढ्या माणसांत अशी शांतता मी परत अनुभवली नाही.

वळलो तेव्हा हॅल्डेनची मधली काठी आडवी पडली होती. क्रम्पचं तिकडे लक्षच नव्हतं. मान किंचित तिरपी करून, कान माझ्याकडे देऊन तो उभा होता. बराच वेळ. मग त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

हॅल्डेन लाल होऊन माझ्यावर धावून आला. "पंच, तुम्ही कुठे बघत होता?"

"कापसाच्या गाड्यांकडे."

"मग चेंडू त्यानं फेकला नाही हे कशावरून?"

"फेकला असं मी म्हटलेलं नाही. पंच बोलला नाही, तर चेंडू बरोबर. पंचाचा शब्द अखेरचा, साहेब, आणि न बोललेलाही."

त्यानं दुसऱ्या टोकाच्या पंचाकडे, डॉक्टरांकडे, पाहिलं. डॉक्टर म्हणाले, मला उन्हानं नीट दिसलं नाही. हॅल्डेन चालता झाला. सामना शेवटी कॅम्पानंच जिंकला, सकाळच्या धावा फार झाल्या होत्या. मला पंच म्हणून परत कुणी बोलावलं नाही आणि ते रास्तच झालं. न बघणारा पंच काय कामाचा? संध्याकाळी क्रम्पनं पुंजारामच्या खळ्याला हात लावून तो कपाळाला लावला, कुणाचं बघून शिकला होता कोण जाणे. माझा हात धरून तो काही तरी म्हणाला, ते त्याच्या गावाकडच्या बोलीत असावं. मला कळलं नाही, आणि विचारावंसं वाटलं नाही. रूळ बडनेऱ्याच्या पुढे गेले तसा तोही पुढे गेला.

अमेरिकेची लढाई संपली, कापसाचे भाव पडले, बैलांच्या गळ्यातल्या चांदीच्या घंटा हळूहळू दिसेनाशा झाल्या. पुंजाराम मात्र दर बाजाराला भेटायचा. त्या दिवशी तो पट्टीच्या बाजूला, क्रम्पच्या अगदी हातासमोर बसलेला होता. त्याची नजर घारीची. एकदा आम्ही पाराशी तंबाखू मळत बसलो असताना तो म्हणाला, "मास्तर, त्या दिवसी त्या सायबाचा हात…"

"नको, पुंजाराम."

"काहून? तुमाले त साऱ्या गावाचं ठाऊक पायजे असते."

"हे नको."

त्यानं तंबाखू दाढेखाली धरली. त्याला वाटलं असेल, मास्तर म्हातारा झाला. पण समजा, तो हात वर गेलाच नव्हता. किंवा वर गेला, पण कोपर झटकलं होतं. एकदा कळलं की मी गप्प बसणारा माणूस नाही, कधी ना कधी, कुठे ना कुठे बोलून जाईन. आणि मी बोलायचं नाही, एवढंच त्या माणसानं माझ्याकडे मागितलं होतं.